अंगठा आत घे, मूठ मिट

सात नंबरचा बास्केटबॉल वरून एका पंजात धरून उचलणं मला आयुष्यात जमलं नाही. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खेळलो, तरी नाही. त्या पोराने तो आठवीतच उचलला. आमच्या शाळेच्या लाल मातीच्या मैदानावर, झाडावरचा पेरू तोडावा इतक्या सहज. मी शिट्टी तोंडात धरून नुसता बघत राहिलो.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात बावीस वर्षं पीटी शिकवतोय. आमच्याकडे जूनमध्ये लागलेला पाऊस गणपती होऊन गेले तरी हटत नाही, त्यामुळे मैदान खेळायच्या लायकीचं होतं ते दसऱ्याच्या सुमाराला. रिंग एकच. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली आणि टेप लावून जमिनीपासून बरोबर दहा फुटांवर, म्हणजे 3.05 मीटरवर बसवली. मागची प्लायची फळी दर पावसाळ्यात फुगते आणि दिवाळीच्या सुट्टीत मी ती बदलतो. पोरांचा ओढा कबड्डी, खो-खोकडे. बास्केटबॉल टिकून आहे तो मी सोडत नाही म्हणून.

पोराचं नाव इथे लिहीत नाही. वर्गात सगळे त्याला 'माड' म्हणायचे. वडील चार वर्षांपूर्वी गेले. आई लोकांच्या शेतात भांगलणीला, कापणीला जाते, घरात एक धाकटी बहीण. लांबलचक हातपाय, अंगावर मांस म्हणून नाही, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा आणि तो खेळताना पडू नये म्हणून मागून बांधलेली नाडी. शर्ट काढला की छातीच्या मधोमध वाटीएवढा खळगा दिसायचा. मला वाटायचं खाण्याचे हाल आहेत, म्हणून अंगात भरलं नाही. रोज एक अंडं खा म्हणून मी त्याच्या मागे लागायचो, कधी स्वतः आणून द्यायचो. एकदा पळून आल्यावर म्हणाला, "सर, छातीत धडधडालंय." मी म्हणालो, "पळून आल्यावर धडधडणारच की रे." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

माझ्या खोलीच्या दारामागे सतनामसिंग भामराचं वर्तमानपत्रातलं कात्रण चिकटवलेलं आहे. पंजाबातल्या बल्लो के गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच. 2015 साली एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, 52व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये नाव पुकारलं गेलेला तो पहिला. पुढे एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही, पण ते मी पोरांना सांगत नसे. माडला मी त्या कात्रणाखाली उभं करून दर महिन्याला पेन्सिलीने भिंतीवर खूण करायचो. दहावीच्या वर्षी तो सहा फूट तीन इंचांवर गेला. सरकारी स्पोर्ट्स हॉस्टेलच्या निवड चाचणीला उंचीला महत्त्व फार असतं. आपल्या पोराचं काम झालं, असं मी मनोमन धरून चाललो होतो.

चाचणी बेळगावला होती, दिवाळीनंतरच्या आठवड्यात. पहाटेच्या बसने सहा पोरांना घेऊन आम्ही दोघं सर निघालो. मैदानावर पोहोचल्यापासून सगळ्यांची नजर त्याच्याकडेच. लेअप त्याने दोन्ही हातांनी घातले, रिबाउंडला तर उडी मारायची गरजच नव्हती. निवड समितीतल्या एकाने मला बाजूला घेऊन विचारलंही, कुठून आणलात हा? माझी छाती भरून आली होती.

मग मेडिकल. शामियान्यात दोन टेबलं, एक तरुण डॉक्टरीणबाई, शेजारी नोंदी करणारी नर्स. रांग भराभर पुढे सरकत होती. वजन, उंची, रक्तदाब, स्टेथोस्कोप, सही. माडची पाळी आली आणि रांग थांबली. बाईंनी स्टेथोस्कोप ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. त्याला पुढे वाकायला लावलं, पुन्हा ऐकलं. चष्म्याचा नंबर विचारला. तोंड उघडून टाळू बघितली. मग म्हणाल्या, "कै तोरसप्पा." त्याने हात पुढे केला. "हेब्बेरळु ओळगे." अंगठा आत घे. आता मूठ मिट.

त्याने अंगठा तळहातावर आडवा ठेवून वर बोटं मिटली. करंगळीच्या बाजूने अंगठ्याचं अख्खं नख बाहेर आलं.

मी नकळत माझी मूठ मिटून बघितली. अंगठा आतच राहिला. रांगेतल्या पोरांनीही आपापल्या मुठी मिटल्या, कुणाचाच बाहेर येईना. माड हसला, त्याला वाटलं हीसुद्धा एक परीक्षा आहे आणि आपण पहिले आलोय. मग बाईंनी त्याला एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरायला सांगितलं. अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढून वर बोटभर उरली. टेप मागवला. उंची 190 सेंटीमीटर. हात आडवे पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत 203. साधारण माणसाच्या हातांचा पसारा त्याच्या उंचीएवढा असतो. बास्केटबॉलवाल्याला त्याहून जास्त पसारा म्हणजे देवाचं देणं वाटतं. मलाही वाटलं होतं.

"सर, याला आज खेळवू नका," बाई मराठीत म्हणाल्या. "आधी हृदयाचा इको करून घ्या. आजच."

मी भांडलो. हे लिहिणं भाग आहे. दुपारी सामने होते, संघ जाहीर व्हायचा होता. पोरगा धडधाकट आहे, तीन वर्षं माझ्या हाताखाली खेळतोय, एक दिवस ताप आला नाही, तुम्ही गरिबाच्या पोराची संधी घालवताय, असं मी चार लोकांत बोललो. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. आवाज न चढवता त्यांनी चिठ्ठीवर एक शब्द लिहिला: मार्फन. आणि म्हणाल्या, "नसेल तर मी पुढच्या वेळी सगळ्यात आधी सही करेन."

तो शब्द मी ओळखत होतो. म्हणून हातातली चिठ्ठी जड झाली.

आयझाया ऑस्टिनमुळे ओळखत होतो. टेक्सासच्या बेलर विद्यापीठाच्या संघात सेंटरच्या जागी खेळणारा, सात फूट एक इंच. शाळेत असताना डोळ्याला मार लागून पुढे उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, दृष्टी गेली, कृत्रिम डोळा बसवला. एका डोळ्यावर तो दोन वर्षं कॉलेज बास्केटबॉल खेळला, आणि ही गोष्ट त्याने लोकांना सांगितली ती 2014 सालच्या जानेवारीत. त्याच जूनमध्ये तो एनबीएच्या ड्राफ्टला उतरणार होता. त्याआधीच्या तपासण्यांत त्याच्या ईसीजीत काहीतरी वेगळं दिसलं, पुढे जनुकीय चाचणी झाली आणि ड्राफ्टला मोजके दिवस उरलेले असताना कळलं की त्याला मार्फन आहे. खेळ बंद. 26 जूनच्या रात्री, 15व्या आणि 16व्या निवडीच्या मध्ये, एनबीएचे कमिशनर ॲडम सिल्व्हर मंचावर आले आणि एनबीएच्या वतीने आयझाया ऑस्टिनला निवडत आहोत, असं त्यांनी जाहीर केलं. नुसत्या मानाची निवड ती. पोरगं टोपी घालून डोळे पुसत मंचावर गेलं. तो व्हिडिओ मी माझ्या पोरांना जिद्दीचा धडा म्हणून दाखवला होता. माडनेही बघितला होता. त्या व्हिडिओतला मुलगा आणि माझ्यासमोरचा मुलगा यांच्या हातांत काही साम्य आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

उरलेल्या पाच जणांना सोबतच्या सरांवर सोपवून आम्ही दोघं हॉस्पिटलला गेलो. त्याच्या आईला फोन केला. भातकापणीचे दिवस, ती शेतातून तशीच उठून बसने आली. पदराला भाताची काडं चिकटलेली होती, ती इको होईपर्यंत एकेक काढून मुठीत गोळा करत बसली.

पडद्यावर करड्या रंगात काहीतरी उघडझाप होत होतं. डॉक्टरांनी दाखवलं: हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी. तिच्या मुळाशी 4.3 सेंटीमीटर. या वयाला, या बांध्याला तीनच्या आसपास हवी. मार्फनमध्ये फायब्रिलिन नावाच्या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असतं, आणि शरीराला बांधून ठेवणारं जे काही असतं ते सैल पडतं. म्हणून हाडं लांबत जातात, डोळ्याचं भिंग जागा सोडू शकतं, छातीला खळगा पडतो, आणि महाधमनी फुग्यासारखी पसरत जाते. दम लागेपर्यंत पळालं, छातीला धक्का बसला, जड वजन उचललं, की रक्ताचा दाब चढतो आणि पसरलेली भिंत आतून चिरण्याची भीती असते. साधारण पाच हजारांत एकाला हा आजार असतो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी.

"घरात कोण असं उंच?" डॉक्टरांनी विचारलं.

"ह्याचा बाबा," ती म्हणाली. "वीटभट्टीवर कामाला होता. दुपारी जेवून उठला आणि खाली बसला. छातीत नव्हं, पाठीत कुऱ्हाड घातल्यागत दुखालंय म्हटल्यान. गाडी येईस्तोवर गेला. सगळे म्हणाले, अटॅक."

डॉक्टर लिहायचे थांबले. त्यांनी काही सांगितलं नाही, पण तिने त्यांचा चेहरा वाचला असावा. गोळा केलेली काडं तिच्या मुठीतून खाली सांडली. काही वेळाने तिने एकच विचारलं, "मग धाकटीला पण बघायला पाहिजे न्हवं?" त्या खोलीत आम्ही सगळे शिकलेले होतो, आणि पहिल्यांदा हे बोलली ती चौथी शिकलेली बाई.

मला फ्लो हायमन आठवली. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधलं रौप्यपदक तिच्या संघाचं. 1986 च्या जानेवारीत जपानमधल्या एका सामन्यात बाहेर बसायला आली आणि बाकावरून कोसळली. आधी हृदयविकाराचा झटकाच समजले. शवविच्छेदनात महाधमनी फाटलेली निघाली, कारण मार्फन, तिला जिवंतपणी कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही निघाला आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली.

परतीच्या बसमध्ये माड खिडकीशी बसला होता. आई मागच्या सीटवर डोळे मिटून. देसूर गेल्यावर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"सर, हा बघा. ऑस्टिन नंतर खेळला की. हा पण मार्फनवालाच न्हवं?"

खरं होतं. 2016 च्या अखेरीस आजार स्थिर आहे असं ठरवून डॉक्टरांनी ऑस्टिनला खेळायची परवानगी दिली. 2017 च्या सुरुवातीला तो सर्बियातल्या एफएमपी क्लबकडून व्यावसायिक खेळाडू झाला, पुढे आशियातही खेळला. एनबीएत मात्र कधीच नाही. पोरांना मी व्हिडिओ दाखवला तो फक्त टोपी घालण्यापर्यंतचा. पुढची कारकीर्द याने स्वतः शोधून काढली होती.

"मग मी पण दोन वर्षं थांबतो," तो म्हणाला.

हो म्हणणं सोपं होतं. त्याचा चेहरा बघून ते तोंडाशी आलंही होतं. नाही म्हणायला लागणारं ज्ञान माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, "आपण डॉक्टरांना विचारू." खानापूर येईपर्यंत तो पुढे काही बोलला नाही.

पुढच्या भेटीत मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, दर माणसाची महाधमनी वेगळी. त्या मुलाची पुन्हा पुन्हा मोजून, मोठ्या वयात, सगळा धोका समजून त्याच्यासोबत निर्णय झाला. याची पंधराव्या वर्षीच 4.3 आहे, अजून हाडं वाढतायत आणि बाप तरुणपणी गेलाय. रक्तदाब आणि ठोके कमी ठेवणारी गोळी रोज, इको ठरल्या वेळी, आणि माप पाच सेंटीमीटरकडे सरकायला लागलं की शस्त्रक्रियेचा विचार. स्पर्धेचं बास्केटबॉल नाही. हे त्यांनी माझ्याशी बोलून संपवलं नाही. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले, कागदावर चित्र काढलं आणि त्याला समजावलं. तो रडला. आईसमोर नाही, जिन्यात.

बहिणीला आजार नाही. तिचा इको साफ निघाला, डोळे साफ, मूठ मिटली तर अंगठा आत. तो निकाल कळला त्या दिवशी तिची आई शाळेत गूळ-खोबरं घेऊन आली होती.

त्या डॉक्टरीणबाईंची मी क्षमा मागायला गेलो. त्यांची बदली झाली होती. फोनवर बोललो. त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडून आधी 4.3 चं आता किती, ते विचारलं.

आता जूनमध्ये आठवीत नवीन पोरं आली की उंचीसोबत मी हातांचा पसाराही मोजतो. टेपचं एक टोक माड धरतो. सध्या पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला आहे, तरी त्या दिवशी येतो. मुठी मिटायला तोच सांगतो. दोघांना आतापर्यंत तपासायला पाठवलं, दोघंही ठीक निघाले, एकाच्या वडिलांनी उगाच घाबरवलंत म्हणून शिव्या घातल्या. घालू देत.

डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट करायची मोकळीक दिली आहे. एकट्याने, दम न लागू देता, उभ्याने नेम धरायचा. फ्री थ्रोला उडी मारावी लागत नाही. संध्याकाळी पोरं घरी गेली की तो रेषेवर येतो, चष्म्याची नाडी बांधतो, पाय रोवतो. दहा चेंडू, जास्त नाही; मी खालून उचलून देतो, म्हणजे त्याला पळावं लागत नाही. परवा आठ पडले. नववा रिंगवर दोनदा फिरून बाहेर आला, आणि फळी पावसाने फुगल्याय सर, असं म्हणून त्याने पुन्हा हात पुढे केला.