स्टेशन मास्तरच्या परीक्षेपासून पहिल्या स्वतंत्र पाळीपर्यंत : माझा अनुभव

भारतीय रेल्वेत सिग्नलची देखभाल करणारे वेगळे आणि गाडीला सिग्नल देणारे वेगळे. देखभाल सिग्नल व दूरसंचार विभागाकडे असते, तर गाडी घ्यायची की थांबवायची, कोणत्या रुळावर घ्यायची आणि पुढच्या स्थानकाकडे कधी सोडायची, हा निर्णय वाहतूक विभागातील स्टेशन मास्तरचा असतो. फलाटावर हिरवा झेंडा घेऊन उभे राहणे एवढेच मास्तरचे काम, अशी आमच्या नातेवाइकांची समजूत अजूनही आहे आणि ती दूर करण्याचा नाद मी सोडून दिला आहे. या पदापर्यंत पोहोचण्याची वाट कशी होती, हे मात्र सविस्तर लिहावेसे वाटते, कारण परीक्षेने माझ्याकडून जे मागितले आणि प्रशिक्षणाने जे मागितले, ते जवळजवळ एकमेकांच्या विरुद्ध होते.

रेल्वे भरती मंडळाची ‘एनटीपीसी’, म्हणजे अतांत्रिक पदांच्या भरतीची, जाहिरात 2019 च्या सुरुवातीस निघाली. पदे पस्तीस हजारांच्या आसपास आणि अर्ज सव्वा कोटींच्या घरात, त्यामुळे पहिली संगणकीय परीक्षा कधी होणार याची वाट पाहण्यातच बराच काळ गेला. ती 28 डिसेंबर 2020 ला सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने 2021 च्या जुलैपर्यंत चालली. निकाल 2022 च्या जानेवारीत लागला, त्यावरून उत्तर भारतात झालेले आंदोलन अनेकांना आठवत असेल. दुसरी परीक्षा त्याच वर्षी मे महिन्यात झाली.

या दोन परीक्षांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पहिलीत 90 मिनिटांत 100 प्रश्न आणि दुसरीत तेवढ्याच वेळात 120. सामान्य ज्ञान, गणित आणि बुद्धिमापन, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. प्रश्नपत्रिका मराठीत घेता येते, पण काही प्रश्नांचे भाषांतर इतके दुर्बोध असते की अर्थ लावण्यासाठी शेजारचे इंग्रजी पाहावे लागते. दुसऱ्या परीक्षेत एका प्रश्नाला 45 सेकंद मिळतात, म्हणून येत नसेल तर पुढे जायचे आणि दोन पर्याय खोडता आले तर अंदाज मारायचा, ही सवय आम्ही सगळ्यांनीच अंगी बाणवली होती.

स्टेशन मास्तरसाठी त्यानंतर आणखी एक पायरी असते, ती म्हणजे संगणकाधारित अभिक्षमता चाचणी, सर्वांच्या तोंडी असलेले नाव ‘सीबीएटी’. आमची चाचणी 30 जुलै 2022 रोजी झाली. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने आखलेल्या या चाचण्यांत पाठांतराचा काही उपयोग नसतो. ढीगभर चिन्हांतून सांगितलेली नेमकी चिन्हे टिपणे, गुंतागुंतीच्या आकृतीतून योग्य मार्ग शोधणे, विस्कळीत माहिती क्रमाने लावणे असे त्यांचे स्वरूप असते. प्रत्येक चाचणीत किमान 42 टी-स्कोअर (इतर उमेदवारांच्या तुलनेत काढलेला गुण) मिळवावाच लागतो आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सवलत नाही. अंतिम यादीत दुसऱ्या परीक्षेला 70 टक्के आणि या चाचणीला 30 टक्के वजन असते. केंद्रावर जाताना नेत्रतज्ज्ञाचे प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यातच न्यावे लागते. आमच्या रांगेतील एका मुलाने साध्या लेटरहेडवरचे प्रमाणपत्र आणले होते आणि तो बराच वेळ विनवण्या करत उभा होता.

नेत्रतपासणीचा हा विषय उमेदवार शेवटी हाताळतात, तो सर्वांत आधी हाताळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. स्टेशन मास्तरला ‘ए-2’ वैद्यकीय श्रेणी लागते, म्हणजे दोन्ही डोळ्यांची दूरची दृष्टी चष्म्याविना 6/9 असली पाहिजे, शिवाय रंगदृष्टी आणि रात्रीची दृष्टी यांच्याही चाचण्या असतात. लेसिक शस्त्रक्रिया झालेली असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. दोन-तीन वर्षे अभ्यास करून अंतिम यादीत आलेला माणूस रेल्वेच्या दवाखान्यात रंगदृष्टी तपासणाऱ्या इशिहाराच्या ठिपक्यांतला आकडा न दिसल्यामुळे बाहेर पडतो, आणि हे त्याला गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडे अर्ध्या तासात कळले असते.

निवड झाल्यावर आमची रवानगी भुसावळच्या क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्थेत झाली. तिथला उन्हाळा ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. वर्गात पहिल्या दिवसापासून ‘सामान्य व सहायक नियम’ हे पुस्तक हातात होते. त्यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो आणि उत्तरही त्याच शब्दांत द्यावे लागते. लाइन क्लिअर, म्हणजे मागच्या स्थानकाला गाडी सोडण्याची परवानगी, केव्हा देता येते, याचे उत्तर ‘रूळ मोकळा असेल तेव्हा’ असे दिले की सर खाली बसवत. आधीची गाडी पूर्ण आलेली असली पाहिजे, तिच्या मागे सगळे आवश्यक सिग्नल ‘ऑन’, म्हणजे गाडीला अडवणाऱ्या स्थितीत, केलेले असले पाहिजेत, आणि लाइन पहिल्या स्टॉप सिग्नलपर्यंत व त्यापुढे पुरेशा अंतरापर्यंत मोकळी असली पाहिजे, हे तिन्ही भाग एका दमात यावे लागत. ते पुरेसे अंतर बहु-संकेती (दोनाहून अधिक संकेत देणारे) सिग्नल असतील तर 180 मीटर आणि द्वि-संकेती असतील तर 400 मीटर. गाडीला प्रत्यक्ष स्थानकात घेण्यासाठी मात्र हेच आकडे 120 आणि 180 होतात. धुक्यात दृश्यता पाहण्यासाठी जी वस्तू ठरवलेली असते, तीही 180 मीटरवरच. त्यामुळे तोंडी परीक्षेत “180 मीटर कुठे कुठे?” हा सरांचा आवडता प्रश्न होता.

खरे शिक्षण मॉडेल रूममध्ये झाले. तिथे छोट्या रुळांवर स्थानके मांडलेली असतात आणि प्रत्येक स्थानकावर एका प्रशिक्षणार्थीला मास्तर म्हणून बसवतात. शेजारच्या स्थानकाशी ब्लॉक यंत्राच्या, म्हणजे दोन स्थानकांना जोडणाऱ्या यंत्राच्या, घंटीने बोलायचे. एक ठोका म्हणजे लक्ष द्या, दोन म्हणजे लाइन क्लिअर आहे का, तीन म्हणजे गाडी सेक्शनमध्ये (दोन स्थानकांमधल्या रुळावर) शिरली, चार म्हणजे बाहेर पडली, आणि सलग सहा म्हणजे धोका. महत्त्वाच्या प्रत्येक देवाणघेवाणीला प्रायव्हेट नंबर लागतो. प्रत्येक मास्तरकडे दोन आकडी संख्यांचा एक तक्ता असतो, त्यातली पुढची संख्या फोनवर सांगायची, समोरच्याने ती लिहून घ्यायची आणि वापरलेली संख्या लगेच खोडायची. नंबर देणे म्हणजे सही करण्यासारखेच. दिलेला नंबर आणि वेळ ट्रेन सिग्नल रजिस्टरमध्ये राहते आणि काही बिनसले तर चौकशीत सर्वांत आधी तेच रजिस्टर ताब्यात घेतले जाते.

एकदा आमच्यातला एक हुशार मुलगा, ज्याचे संगणकीय परीक्षेचे गुण तुकडीत सर्वांत जास्त होते, ‘बी’ स्थानकावर बसला होता. मालगाडी आली, लूप लाइनवर (मुख्य रुळाच्या बाजूच्या रुळावर) थांबली, त्याने सिग्नल ‘ऑन’ केले आणि चार ठोके देण्यासाठी हात पुढे नेला.

“गाडी आली, सर.”

“किती आली?”

त्याला प्रश्नच कळला नाही. सरांनी आधीच शेवटचे दोन वॅगन सेक्शनमध्ये सोडून ठेवले होते. उभ्या गाडीच्या शेवटच्या वॅगनवर ‘एलव्ही’ची, म्हणजे हा शेवटचा डबा आहे हे सांगणारी, पाटी नव्हती आणि हे त्याने पाहिलेच नव्हते. बहुतेक सेक्शनमध्ये आता ॲक्सल काउंटर हे काम करतो, आत गेलेली आणि बाहेर आलेली चाके मोजतो, मग पाटी पाहायची कशाला, असे कोणीतरी विचारले. सरांचे उत्तर एवढेच होते की काउंटर बंद पडेल त्या दिवशी तुम्हाला पाहण्याची सवय नसेल. त्यानंतर आमच्या तुकडीत “किती आली?” हा परवलीचा शब्द झाला, मेसमध्ये पोळ्या आल्या तरी कोणीतरी ते विचारायचेच.

अंतिम लेखी परीक्षेत भर असाधारण कार्यपद्धतीवर असतो, म्हणजे सगळे बिघडल्यावर गाड्या कशा चालवायच्या यावर. बिघडलेला सिग्नल ‘ऑन’ स्थितीत ओलांडण्यासाठी चालकाला टी/369 (3बी) हे अधिकारपत्र, दुहेरी मार्गावर संपर्काची सर्व साधने बंद पडली तर टी/सी 602, त्यावर कमाल वेग ताशी 25 किलोमीटर आणि दोन गाड्यांमध्ये 30 मिनिटांचे अंतर. फॉर्मचे क्रमांक पाठ होतात, अवघड असते ते अटींचा क्रम न चुकवणे.

पुढचा टप्पा विभागातील एका लहान स्थानकावर, अनुभवी मास्तरांच्या हाताखाली. पॅनेलवर सिग्नलचे आणि मार्गाचे बटण एकत्र दाबले की पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे सांधे, आपोआप फिरतात आणि सिग्नल ‘ऑफ’ होतो, म्हणजे गाडीला पुढे जायला मोकळीक देतो, हे पाहायला सोपे आहे. एका पावसाळी रात्री पॉइंटची मोटर अडली आणि क्रँक हँडलने पॉइंट फिरवावे लागले. पॉइंट्समनने हँडल फिरवले, टंग रेल (सरकणारा रूळ) स्टॉक रेलला (स्थिर रुळाला) नीट चिकटली की नाही हे मी बॅटरीच्या उजेडात पाहिले, क्लॅम्प आणि कुलूप लावले, आणि किल्ली माझ्या हातात आल्यावरच मास्तर अधिकारपत्र लिहायला बसले. तोवर विभागातील गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलचा फोन सतत वाजत होता, मागे एक्स्प्रेस अडकलेली होती. मास्तर मला म्हणाले, “नियम तुझे पाठ आहेत. आता कंट्रोलला ‘थांबा’ म्हणायला शिक.” हे कोणत्याही पुस्तकात नव्हते आणि मला शिकायला सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागला.

शेवटी वाहतूक निरीक्षकांसमोर तोंडी परीक्षा झाली, सक्षमता प्रमाणपत्र मिळाले आणि स्थानकाचे कार्यनियम वाचून समजल्याची सही मी ॲश्युरन्स रजिस्टरमध्ये केली. या सहीशिवाय मास्तरला स्वतंत्र पाळी लावता येत नाही आणि दुसऱ्या स्थानकावर बदली झाली की तिथले नियम वाचून पुन्हा सही करावी लागते. पाळी माझ्या नावावर लागली तरी परीक्षा संपलेल्या नाहीत. दर तीन वर्षांनी उजळणी वर्गासाठी पुन्हा भुसावळ आहे, आणि वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी डोळ्यांसकट वैद्यकीय तपासणी.