चार्जर आहे का?

भिंतीपलीकडून आरडाओरडा सुरू झाला की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. लिहायला लाज वाटतेय पण खरंय. नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडायचं, हे इतक्यांदा ऐकलंय की हात आपोआप रिमोटकडेच जायचा.

आज २५ नोव्हेंबर, महिलांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा दिवस, म्हणून स्टेटसवर मेणबत्त्याच मेणबत्त्या. हा दिवस काही संयुक्त राष्ट्रांना आधी सुचला नव्हता बरं का. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहाविरुद्ध उभ्या राहिलेल्या तीन मिराबाल बहिणींना १९६० मध्ये याच तारखेला मारलं, त्यांची आठवण म्हणून लॅटिन अमेरिकेतल्या बायकांनी १९८१ ला एकत्र जमून हा दिवस ठरवला आणि संयुक्त राष्ट्रांनी तो उचलला थेट १९९९ मध्ये. मोर्चे हवेतच, पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात साधारण दर तीनपैकी एका बाईने शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेली असते आणि ती बहुतेकदा जोडीदाराकडूनच, म्हणजे मोर्चा रस्त्यावर आणि मार मात्र बंद दाराआड.

'बेल बजाओ' नावाचं कॅम्पेन आलं होतं २००८ मध्ये, आवाज आला की बेल वाजवा, काहीतरी फालतू कारण सांगा, बस. एकदा पलीकडून आवाज आला तेव्हा तेच डोक्यात होतं. एकटीची हिंमत नव्हती, वरच्या काकूंना फोन करून बोलावलं, दोघी दारात उभ्या आणि मी विचारलं, "चार्जर आहे का?" तो घामाघूम. आत एकदम शांत. आणि त्याने खरंच चार्जर आणून दिला, माझ्या फोनला न बसणारा.

दुसऱ्या दिवशी चार्जर न्यायला ती आली. पहिलाच प्रश्न, "तुम्हाला रोज ऐकू येतं?"

मी हो म्हटलं. काय बोलायचं त्यावर? मला वाटलं लगेच पोलीस, तक्रार वगैरे, पण काकू म्हणाल्या आधी तिला विचार तिला काय हवंय. तिला हवी होती फक्त एक पिशवी ठेवायला जागा, त्यात कागदपत्रं, थोडे पैसे, मुलीचे दोन ड्रेस. चार महिने ती पिशवी माझ्या कपाटात होती. (तिला विचारूनच लिहितेय, ती आता तिथे राहत नाही.)

न्यायला आली तेव्हा मुलगी पण सोबत होती, पिशवीतले ड्रेस तिला आखूड झाले होते.