वाचक हवे आहेत, लेखनिकही हवे आहेत

घरापासून चालत किंवा फार तर एका बसने गाठता येईल अशा ठिकाणी नियमितपणे केलेल्या स्वयंसेवी कामाचा लाभ, ते काम ज्याच्यासाठी होते त्याच्याइतकाच ते करणाऱ्यालाही होतो, हे उघडपणे सांगायला आपल्याकडे अनेकांना संकोच वाटतो. सेवेत स्वतःचा लाभ पाहिला की तिला उणेपणा येतो, अशी एक समजूत आहे. मला ती पटत नाही. निवृत्तीनंतर मी पुण्यात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वाचक म्हणून आणि अधूनमधून परीक्षेतील लेखनिक म्हणून काम करते. या कामाने मला काय दिले हे स्पष्ट लिहिले, तर आणखी काही जण याकडे वळतील, या इच्छेने हे लिहीत आहे.

पुण्यात या कामाची गरज मोठी आहे, कारण शिकण्यासाठी येथे येणाऱ्यांचा ओघ मोठा आहे. पुणे अंधशाळा 1934 पासून चालू आहे. मुलांची शाळा कोरेगाव पार्कात आणि मुलींची कोथरूडला आहे. शाळेत असेपर्यंत ब्रेल पुस्तके, वसतिगृह आणि प्रशिक्षित शिक्षक यांचा आधार असतो. खरी अडचण शाळा संपल्यावर सुरू होते. महाविद्यालयीन शिक्षणासाठी आणि स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून जी मुले येथे येतात, त्यांत दृष्टिहीन मुलेही असतात, आणि त्यांच्या अभ्यासक्रमातील बहुतेक संदर्भग्रंथ ब्रेलमध्ये मिळत नाहीत. मीरा बडवे यांनी उभे केलेले 'निवांत अंध मुक्त विकासालय' नेमके याच वयाच्या मुलांसाठी काम करते. परंतु एवढ्या मोठ्या शहराची गरज एखाददुसऱ्या संस्थेने भागणारी नाही.

आता संगणक आणि मोबाइल सगळे वाचून दाखवतात, मग माणूस कशाला हवा, असे मला वारंवार विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. एनव्हीडीएसारखे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचते आणि विद्यार्थी ते सर्रास वापरतात. मात्र झेरॉक्सच्या दुकानातून आलेले स्कॅन केलेले पान संगणकाच्या लेखी केवळ एक चित्र असते. युनिकोड ही संगणकांची सामायिक अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेल्या मराठी पुस्तकांची फाइल उघडली तर सॉफ्टवेअर निरर्थक अक्षरे उच्चारत राहते. स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरे ओळखणारी साधने सुधारत आहेत, पण अस्पष्ट छपाई आणि दोन रकान्यांची पाने आली की तीही अडखळतात. हाताने लिहिलेल्या टिपणांची स्थिती याहून कठीण आहे. आणि आकृती आली की माणसाशिवाय अद्याप भागत नाही.

आकृतीचे उदाहरण सविस्तर सांगते, कारण या कामाचे मर्म त्यात आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'आकृतीवरून स्पष्ट होते की' असे वाक्य येते आणि लेखक पुढे निघून जातो. वाचकाला तेथे थांबावे लागते. आडव्या अक्षावर मागणी आहे, उभ्या अक्षावर किंमत आहे, रेषा डावीकडे वरून सुरू होऊन उजवीकडे खाली उतरते, असे क्रमाने सांगावे लागते. एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी हे ऐकताना टेबलावर बोटाने ती रेषा काढते आणि "काकू, अशीच ना?" असे विचारते. तिचे बोट योग्य दिशेने गेले की मी पुढच्या परिच्छेदाकडे वळते. मी अर्थशास्त्र कधी शिकले नव्हते; मागणीचा वक्र मला या टेबलावर समजला. दुसऱ्याला दिसावे अशा रीतीने पान वाचायचे म्हणजे प्रत्येक शब्दाचा आणि रेषेचा अर्थ स्वतःला लागलेला असावा लागतो, आणि साठीनंतर बुद्धीला असा व्यायाम अन्य कोणत्या मार्गाने मिळाला असता, असे मला वाटत नाही. हीच विद्यार्थिनी मला "जरा भरभर वाचा" असेही सांगते, कारण संगणकाचा आवाज ती सामान्य बोलण्याच्या कितीतरी अधिक वेगाने ऐकू शकते.

लेखनिकाचे काम अधिक जबाबदारीचे आहे. 2018 साली केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळेची तरतूद करण्यात आली. म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास मिळतात आणि लेखनिकाचा हात चार तास चालतो. विद्यार्थ्याने लेखनिक स्वतः आणला, तर त्याचे शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी कमी असावे, असेही त्यांत होते. नियम परीक्षेगणिक वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून त्या त्या परीक्षेचा चालू नियम आधी पाहून घ्यावा. परीक्षागृहात लेखनिकाने स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवायचे असते. विद्यार्थी सांगेल तेच आणि तसेच लिहायचे, मागितल्यास शेवटचे वाक्य वाचून दाखवायचे, किती वेळ उरला ते सांगायचे. सर्वांत अवघड भाग बहुपर्यायी प्रश्नांचा असतो. चारही पर्याय एकाच सुरात वाचावे लागतात. बरोबर उत्तर ठाऊक असेल तर आवाज नकळत त्यावर रेंगाळतो, आणि तसे होऊ न देणे हा त्या विद्यार्थ्याच्या कष्टांचा मान राखणे आहे. चार तास दुसऱ्याचे विचार त्याच्याच शब्दांत, कोणतीही दुरुस्ती न करता ऐकून घेण्याची ही सवय पुढे घरी आणि सोसायटीच्या बैठकांतही उपयोगी पडते, हा माझा अनुभव आहे.

या कामामुळे शहरही वेगळे दिसू लागले. विद्यार्थ्यांबरोबर बसथांब्यापर्यंत चालत जाताना पदपथावर आडव्या लावलेल्या दुचाकी, उघडी झाकणे आणि दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पण थेट विजेच्या खांबाशी जाऊन थांबणाऱ्या पिवळ्या फरश्या लक्षात आल्या. त्याच रस्त्याने मी वर्षानुवर्षे ये-जा करत होते. आता अशा ठिकाणांची छायाचित्रे काढून आम्ही काही जण लेखी तक्रार करतो. काही अडथळे दूर झाले, काही तसेच आहेत, परंतु शेजारच्या ज्यांच्याशी पूर्वी केवळ नमस्कारापुरती ओळख होती, ते या तक्रारींच्या निमित्ताने सहकारी झाले आहेत. निवृत्तीनंतर माणसांचा राबता कमी होतो. माझ्याकडे तो वाढला.

जवळच्यांसाठी काम करण्याची रीत या शहराला नवी नाही. 1868 साली फुले दांपत्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी आपल्या घरातील पाण्याचा हौद खुला केला, आणि 1897 च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला. त्या त्यागाची बरोबरी कोणी करू शकत नाही आणि तशी अपेक्षाही नाही. आठवड्यातून एक ठरलेला तास द्यावा, मात्र तो चुकवू नये, एवढेच मी ओळखीच्यांना सांगते, कारण आपल्या न येण्याने एखाद्याचा पूर्ण धडा मागे पडतो.

लेखनिकांची टंचाई बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांत सर्वाधिक जाणवते, आणि वर सांगितलेल्या नियमामुळे तेथे माझ्यासारख्या पदवीधरांचा उपयोग होत नाही. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना नववी-अकरावीतील मुले लागतात. त्यामुळे घरात त्या वयाची मुले असतील तर पालकांनी त्यांना अवश्य पाठवावे. समोरचा विद्यार्थी उत्तराची मांडणी कशी करतो हे त्यांना स्वतःच्या बोर्डाच्या वर्षाआधीच जवळून पाहायला मिळते. ज्यांना ठरलेल्या वेळी जाणे शक्य नाही, त्यांनी घरी बसून पुस्तके ध्वनिमुद्रित करावीत. 2012 साली कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे अपंग व्यक्तींच्या उपयोगासाठी ना-नफा तत्त्वावर असे ध्वनिमुद्रण करता येते. मोबाइल त्यासाठी पुरेसा आहे. पंखा बंद ठेवावा, प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र फाइल करावी, आरंभी पुस्तकाचे आणि प्रकरणाचे नाव सांगावे, आणि पान उलटताना पृष्ठक्रमांक उच्चारावा, म्हणजे वर्गात शिक्षकांनी एखाद्या पानाचा उल्लेख केला तर विद्यार्थ्याला ते शोधता येते.