काखेतले आणि जांघेतले केस काढले नाहीत, तर काय काय वाचतं

अंगावरचे केस ठेवले म्हणून प्रतिकारशक्ती वाढत नाही की रक्त शुद्ध होत नाही. असलं काही व्हॉट्सॲपवर आलं तर पुढे ढकलू नका. फायदा आहे, पण त्यातला थोडाच केसांच्या स्वतःच्या कामाचा. बाकीचा सगळा ते काढताना कातडीला बसणारा मार वाचण्याचा. हा दुसरा हिशोब मोठा आहे, म्हणून आधी तोच.

कातडी ताणून, केसांच्या उलट दिशेने ब्लेड फिरवलं की केस तिरका कापला जातो आणि त्याचं टोकदार बूड कातडीच्या पातळीखाली जाऊन बसतं. जांघेतला केस मुळातच वळणदार. परत वाढताना तो सरळ बाहेर न येता आतल्या आत वळतो, नाहीतर बाहेर येऊन शेजारच्या कातडीत घुसतो. शरीराला तो काट्यासारखाच परका. तिथे लाल, दुखरी पुळी येते. त्यात ब्लेडच्या बारीक खरचट्यांतून जंतू शिरले की पू धरतो आणि केसतोड होतं. वॅक्सिंगमध्ये केस मुळासकट निघतो म्हणतात, पण प्रत्येक केस निघत नाही. मध्येच तुटलेले केस हाच त्रास देतात.

पुळी बसते, डाग राहतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीत जिथे दाह होतो तिथे रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि तो काळपटपणा महिनोन्‌महिने जात नाही. मग काखा उजळवायला स्क्रब, लिंबू, गोरेपणाचं क्रीम. त्याने पुन्हा दाह, पुन्हा काळपटपणा. या चक्रातून सुटायचा स्वस्त उपाय म्हणजे काही महिने तिथे काहीही न करणं. एक मात्र वेगळं ओळखा : काखेत आणि मानेवर मखमलीसारखी जाडसर, काळी कातडी दिसत असेल तर तो बहुतेक वेळा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचा इशारा असतो. तिथे घासू नका, साखर तपासून घ्या.

केस काढायच्या क्रीमबद्दलही एक गैरसमज आहे, की ब्लेड नाही म्हणजे सौम्य. त्यातलं थायोग्लायकोलेट नावाचं रसायन केसातल्या केराटिन या प्रथिनाचे बंध तोडतं आणि त्यासाठी क्रीम चांगलंच अल्कधर्मी ठेवावं लागतं. कातडी स्वतः किंचित आम्लधर्मी असते आणि तीही केराटिनचीच. पाचाच्या जागी पंधरा मिनिटं ठेवलं की भाजल्यासारखं होतं. जांघेतल्या आतल्या नाजूक भागाला ते लावूच नये. चेहऱ्यावर ट्रेटिनॉइन किंवा ॲडापॅलिन (मुरुमांवरची क्रीमं) लावणाऱ्यांनी तिथे वॅक्सही टाळावं. वरची कातडी पट्टीबरोबर सोलून येऊ शकते.

2017 मध्ये ‘जामा डर्मेटॉलॉजी’ या त्वचारोगांच्या नियतकालिकात अमेरिकेतलं एक मोठं सर्वेक्षण आलं होतं. जांघेतले केस काढणाऱ्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला कधी ना कधी इजा झालेली होती. सगळ्यात जास्त कापल्याच्या, त्याखालोखाल भाजल्याच्या.

बाळंतपणाचा मुद्दा इथे नीट सांगायला हवा, कारण काही ठिकाणी कळा सुरू झालेल्या बाईवर अजूनही आधी ब्लेड फिरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या शिफारशींत साफ म्हटलंय की नैसर्गिक प्रसूतीआधी सरसकट केस काढू नयेत. शस्त्रक्रियेबद्दलही त्यांची 2016 ची भूमिका तशीच : केस काढूच नयेत, अगदी गरज असेल तर मशीनने कापावेत, ब्लेड वापरू नये. ब्लेडच्या न दिसणाऱ्या खरचट्यांत जंतू वाढतात आणि जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो. तेव्हा सिझेरियनची तारीख ठरली असेल तर ‘स्वच्छ होऊन जाऊ’ म्हणून आदल्या रात्री घरी ब्लेड घेऊ नका. नर्सला विचारा, “केस काढायलाच हवेत का? हवेत तर मशीन आहे का?” विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता केसांचं स्वतःचं काम. जांघेत आणि काखेत कातडीवर कातडी घासते. मधले केस ते घर्षण कमी करतात, असं मानलं जातं. शिवाय प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंचं जाळं असतं, त्यामुळे केस हलला की कळतं. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसांच्या हातांवर चक्क ढेकूण सोडून पाहिले. न काढलेली लव असलेल्या हातावर ढेकूण लवकर कळले आणि त्यांना चावायला जागा शोधायलाही जास्त वेळ लागला. केसाच्या मुळापाशी असलेल्या मूळपेशी (नव्या पेशी तयार करणाऱ्या पेशी) जखम भरतानाही कामाला येतात, अर्थात त्या पेशी ब्लेड फिरवल्याने काही नाहीशा होत नाहीत.

केस ठेवण्याचे तोटेही आहेत. काखेतला घाम ताजा असताना वास येत नाही, जंतूंनी तो फोडल्यावर येतो आणि केसांना तो वास जास्त वेळ चिकटून राहतो. म्हणून काखेत साबणाचा फेस केसांच्या मुळांपर्यंत चोळा, स्वच्छ धुवा आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच तुरटी किंवा डिओडरंट लावा. ओलसर काखेत लावलं की चुरचुरतं. केसांवर पिवळसर, चिकट कण दिसले आणि ब्लाउजला डाग पडू लागले तर तो केसांवरचा जंतूंचा थर असतो. त्यावेळी केस कापून टाकणं हाच मुख्य उपचार, परत वाढवता येतात. जांघेतल्या केसांत होणाऱ्या उवाही केस असतील तरच होतात, हेही खरं.

जांघेत बाहेरच्या केसाळ भागाला सौम्य साबण चालेल, आत फक्त पाणी. अँटिसेप्टिक द्रावाचे थेंब नकोत, सुगंधी वॉश नको. पाळीत केसांना रक्त चिकटून त्रास होत असेल तर केस सेंटीमीटरभर ठेवून कापा. केस कोरडे असताना, बोथट टोकाच्या लहान कात्रीने. ओला केस लांब दिसतो आणि जास्त कापला जातो. ट्रिमर असेल तर वर 5-6 मिलिमीटरचा गार्ड हवाच. ट्रिमर फक्त आपलाच वापरा. नवऱ्याचा रेझर उचलायची सवय असेल तर ती सोडा, त्यातून चामखीळसुद्धा पसरते.

वर्षानुवर्षं काढत आलेल्यांनी थांबवलं की पहिले दोन-तीन आठवडे टोचतं, खाजतं. कारण कापलेल्या केसाच्या टोकाला कड असते, आपोआप वाढलेल्याचं टोक निमुळतं, मऊ असतं. कापल्याने केस जाड होत नाही, हे 1928 सालीच मोजून पाहिलेलं आहे. त्या दिवसांत सैल सुती कपडे घाला, आंघोळीनंतर दोन थेंब खोबरेल लावा, स्क्रब नको. आत अडकलेला केस दिसला तर दिवसातून दोनदा दहा मिनिटं कोमट पाण्याच्या फडक्याने शेका, चिमट्याने उकरू नका. पुळी वाढत गेली किंवा ताप आला तर डॉक्टर. खाज गोल, कडा लाल अशा चट्ट्यांची असेल तर तो नायटा. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम त्यावर लावलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग तो पसरतो.

(जाता जाता : बाळाच्या अंगावरची लव पिठाच्या गोळीने चोळून काढायची काही गरज नसते. ती आपली आपण गळते, चोळून फक्त कातडी लाल होते.)

एका बाबतीत मात्र ‘असू दे, नैसर्गिक आहे’ म्हणून सोडून देऊ नका. हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली राठ, काळे केस नव्याने येऊ लागले, सोबत पाळी लांबत असेल तर पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाचा, अंडाशयाशी संबंधित आजार) तपासायला हवा. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले आणि आवाजही जाड होत असेल तर लगेच जा. डॉक्टर शरीराच्या नऊ भागांवरचे केस पाहून प्रत्येक भागाला 0 ते 4 असे गुण देतात, त्यावरून पुढच्या रक्ततपासण्या ठरतात. म्हणून जाण्याआधी थोडे आठवडे थ्रेडिंग-वॅक्सिंग थांबवा. ते जमत नसेल तर किती दिवसांनी काढावे लागतात, ते तरी सांगा.