स्क्विरल हिलमधले बंद दार

पिट्सबर्गच्या ज्या स्क्विरल हिल भागात मी राहते, तिथल्या ‘ट्री ऑफ लाइफ’ या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, २७ ऑक्टोबर २०१८ च्या शनिवारी सकाळी एका बंदूकधाऱ्याने प्रार्थनेसाठी आलेल्या ११ जणांना ठार केले. अमेरिकेच्या इतिहासातला ज्यूंवरचा हा सर्वांत भीषण हल्ला. त्या इमारतीत ज्यूंच्या तीन स्वतंत्र मंडळ्या प्रार्थना करीत असत. त्यांपैकी ‘दोर हदाश’ ही मंडळी निर्वासितांना मदत करणाऱ्या ‘हायस’ या ज्यू संस्थेच्या उपक्रमात सहभागी झाली होती, आणि हल्लेखोराचा राग नेमका या संस्थेवर होता. हे मुद्दाम लिहिते, कारण दुरून पाहताना असे कृत्य एखाद्या माथेफिरूचे वाटते. प्रत्यक्षात ज्यूद्वेष आणि स्थलांतरितांविषयीचा द्वेष इथे एकमेकांत गुंतलेले होते. त्यामुळे बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेल्या माझ्यासारखीला ‘हा त्यांचा प्रश्न’ असे म्हणून मोकळे होता येत नाही.

हल्ल्यानंतर शहर धावून आले, हे खरे. मुस्लिमांनी पुढाकार घेऊन मृतांच्या कुटुंबीयांसाठी आणि जखमींसाठी दोन लाखांहून अधिक डॉलर जमवले. इथल्या प्रमुख वृत्तपत्राने पहिल्या पानावर कद्दिश या शोकप्रार्थनेचे आरंभीचे शब्द हिब्रू लिपीत छापले. पुढच्या मार्चमध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जण मारले गेले, तेव्हा ‘ट्री ऑफ लाइफ’च्या मंडळीने तिथल्या पीडितांसाठी निधी उभारला.

तरीही मला अधिक मोलाची वाटते ती कुणाच्या नजरेत न भरणारी तयारी. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी धर्मनिष्ठ ज्यू फोन वापरत नाहीत. मात्र समाजाच्या सुरक्षाप्रमुखांनी आधीच आग्रह धरला होता, म्हणून ‘ट्री ऑफ लाइफ’चे रब्बी (धर्मगुरू) जेफ्री मायर्स यांच्या खिशात त्या सकाळी फोन होता आणि त्यांना पोलिसांना कळवता आले. जर्मनीतल्या हाले शहरात २०१९ साली, योम किप्पुर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, सिनेगॉगचे कुलूपबंद दार हल्लेखोराला फोडता आले नाही. आतले लोक वाचले, पण चिडलेल्या हल्लेखोराने बाहेर दोघांचा जीव घेतला. दार मजबूत असून भागत नाही, रस्त्यावर पहाराही लागतो, असा त्याचा अर्थ मी घेते.

प्रार्थनास्थळांना कॅमेरे, भक्कम दारे आणि पहारेकरी यांसाठी केंद्र सरकारचे अनुदान मिळू शकते, पण त्यासाठी रीतसर अर्ज भरावा लागतो आणि निवड होईलच अशी खात्री नसते. मोठ्या मंडळीकडे हे काम करायला माणसे असतात, लहान मंडळीत ते एखाद्या निवृत्त सभासदाच्या गळ्यात पडते. इथे शेजाऱ्यांना खरोखर हातभार लावता येतो, मग त्यांचा धर्म कोणताही असो: अर्जाची कागदपत्रे जुळवणे, सणाच्या दिवशी वाहनतळावर उभे राहणे, भिंतीवर स्वस्तिक खरडलेले दिसले तर पुसण्याआधी छायाचित्र काढून पोलिसांना कळवणे. (आपल्याला पवित्र असलेले चिन्ह इथे नाझींची धमकी म्हणून वाचले जाते, हे नव्याने येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

एखाद्या सिनेगॉगमधल्या प्रार्थनेला जायचे असेल तर आधी कार्यालयाला कळवावे, मोठी पिशवी नेऊ नये आणि दारात चौकशी झाली तर अपमान वाटून घेऊ नये. तिथला पहारेकरी नेहमीच्या सभासदांनाही थांबवतो.