तिचे ओठ हलत होते

"दादा, मराठी येतं का?"

आज संध्याकाळी, स्वारगेट स्टँडच्या बाहेर. नवरा-बायको, सहाएक वर्षांची मुलगी, एक पिशवी. कामाला आणलं, मुकादम पैसे न देता पळाला, जालन्याला परत जायचंय, पोरगी सकाळपासून उपाशी.

मी म्हटलं, तिकडच्या गाड्या वाकडेवाडीहून सुटतात. मेट्रोच्या कामामुळे शिवाजीनगरचं स्टँड तिथे हलवलंय. चला, रिक्षाने सोडतो, तिकिटं काढून देतो. ताईंना 2023 पासून एसटीत अर्धंच तिकीट आहे, मुलीचंही अर्धं.

"नको दादा, पैसेच द्या."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरूनही गेलो असतो. पण बाप पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला आणि माझं लक्ष मुलीकडे गेलं. त्याच्या शब्दांबरोबर तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. "मुकादम पळाला" यायच्या क्षणभर आधीच तिने मान खाली घातली.

माझी भाची याच वयाची. पहिलीतल्या कविता अशाच पाठ करते.

पैसे दिले नाहीत. वडापाव घेऊन दिला. तो तिने उभ्याउभ्या, कुणाकडेही न बघता संपवला. गोष्ट पाठ केलेली असेल, भूक पाठ केलेली नव्हती.

ऊसतोडीत, वीटभट्टीवर मजुरी खरोखर बुडते. माणसं खरोखर अशी अडकतात. उद्या त्यातलं कुणी हीच वाक्यं घेऊन समोर आलं, तर मी त्याचं ऐकेन, की त्याच्या पोरीच्या ओठांकडे बघत राहीन?