ट्वायलाइट ड्राइव्हवरच्या रात्री

अण्णांना मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी इकडे आणलं, तेव्हा मनात एकच धास्ती होती: या माणसाचा वेळ कसा जाणार? आई गेल्यापासून ते जेऊरच्या घरात एकटेच असतात. पण तिथे पारावर चार माणसं भेटतात, स्टेशनवर चहा होतो, जुने विद्यार्थी सायकल थांबवून "सर, बरं हाय ना?" विचारतात. इथे कॅलिफोर्नियात, सॅन होजेत, आम्ही दोघं दिवसभर कामावर, लेक शाळेत, आणि रस्त्यावर चालणारा माणूस म्हणाल तर कुत्र्याला फिरवणारा.

लेकीच्या शाळेतून एक कागद आला होता. सॅन होजे अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाचा शुक्रवारी रात्री एका पार्कात दुर्बिणीतून आकाश दाखवायचा कार्यक्रम. पैसे नाहीत, नाव नोंदवायचं नाही, कोणीही यावं. पार्क ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावच ट्वायलाइट ड्राइव्ह, म्हणजे संधिप्रकाशाचा रस्ता. करमाळा तालुक्यातल्या शाळांमध्ये आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या अण्णांना एवढं कारण पुरे होतं. संध्याकाळी सहालाच ते स्वेटर, मफलर, कानटोपी घालून तयार होते.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. गाडी वळवली आणि माझ्या हेडलाइटचा झोत सरळ हिरवळीवरच्या दहा-बारा माणसांच्या तोंडावर गेला. काय केलं ते मला कळलंच नाही. एक बाई चालत गाडीपाशी आल्या, काच खाली करायला सांगितली आणि शांतपणे म्हणाल्या, "पहिल्यांदा आलात ना? छान. दिवे विझवून तिकडे लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती एका क्षणात मोडते." मग खिशातून लाल जिलेटिनचा तुकडा काढून त्यांनी माझ्या मोबाइलच्या दिव्यावर चिकटवून दिला. लाल प्रकाशाने डोळ्यांचं अंधारातलं पाहणं फारसं बिघडत नाही. त्या सगळ्यांची अर्ध्या तासाची सवय मी मोडली होती, आणि तरी बाईंचा पहिला शब्द "छान" होता. या देशात दहा वर्षांत माझं असं स्वागत फार थोड्या ठिकाणी झालंय.

हिरवळीवर ज्याने त्याने आपापली दुर्बीण मांडली होती. आपण नुसतं एकीपुढून दुसरीपुढे जायचं, रांगेत उभं राहायचं आणि विचारायचं, "काय लावलंय?" समोरचा माणूस सांगतो, दाखवतो, आणि तोच प्रश्न पन्नासाव्यांदा ऐकूनही पहिल्यांदा ऐकल्यासारखं उत्तर देतो.

अण्णा पहिल्या रांगेत थांबले ती दुर्बीण एखाद्या तोफेसारखी होती. जाड नळी, खाली प्लायवूडची फिरती बैठक, मोटर नाही, वायरी नाहीत. हिला डॉबसोनियन म्हणतात. जॉन डॉबसन नावाच्या माणसाने ती घडवली, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते. डॉबसन १९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात, म्हणजे रामकृष्ण परंपरेत, दाखल झाला. मठात पैसा कुठला? म्हणून जहाजाच्या खिडकीच्या टाकाऊ जाड काचा घासून त्याने आरसे केले, पुठ्ठ्याची नळी आणि लाकडी खोकं जोडलं. रात्री दुर्बीण ढकलत वस्तीत न्यायची आणि दिसेल त्याला चंद्र दाखवायचा, हा त्याचा नाद. त्यापायी १९६७ मध्ये मठ सुटला. पुढच्याच वर्षी त्याने सॅन फ्रान्सिस्कोत फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावणाऱ्यांचा गट उभा केला. २०१४ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. आज जगभरचे हौशी लोक त्याच्या पद्धतीच्या दुर्बिणी वापरतात. अण्णांनी हे ऐकून त्या प्लायवूडवरून हात फिरवला.

दुर्बीणवाले आजोबा अण्णांच्याच वयाचे. त्यांनी अण्णांचे गुडघे पाहिले, न बोलता गाडीतून उंची कमीजास्त होणारी खुर्ची आणली आणि म्हणाले, "बसून बघा. नळीला हात लावू नका, नुसता डोळा न्या."

त्या दिवशी अष्टमीचा चंद्र होता. मला वाटायचं, चंद्र बघायचा तर पौर्णिमेचा. पण पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात आणि सगळं सपाट दिसतं. अर्ध्या चंद्रावर उजेड आणि काळोख यांची जी सीमा असते, तिथे ऊन तिरपं पडतं आणि एकेक खड्डा, एकेक कडा उठून दिसते. म्हणून मंडळी हे कार्यक्रम बहुधा अर्ध्या चंद्राच्या आसपास ठेवतात.

अण्णा बराच वेळ हलले नाहीत. रांगेत मागे पाचसात जण होते, कुणी घसा खाकरला नाही. मग मराठीतच म्हणाले, "काळ्याशार अंधारात एकच टोक पेटलंय." मी भाषांतर केलं. आजोबा म्हणाले, "ते विवराच्या मधलं शिखर. खाली अजून रात्र आहे, शिखरावर ऊन पोचलंय. तिथे आत्ता पहाट होतेय." चाळीस वर्षं फळ्यावर खडूने चंद्राच्या कला काढलेला माणूस खुर्चीवरून उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "मी पोरांना हे न बघताच शिकवलं गं," एवढंच म्हणाले.

पुढच्या दुर्बिणीत गुरू होता, दोन फिकट पट्टे आणि एका रेषेत चार चंद्र. लेकीला कळलं की तो उजेड तिथून निघून सुमारे पाऊण तास झालाय. मग ती प्रत्येक ताऱ्याकडे बोट दाखवून "हा किती जुना?" विचारत सुटली, आणि एका कॉलेजच्या मुलाने तिला न कंटाळता अर्धा तास उत्तरं दिली.

तिसरीकडे सप्तर्षी. इथे ध्रुव सदतीस अंशांवर असतो, जेऊरच्या जवळजवळ दुप्पट उंच, त्यामुळे एप्रिलच्या रात्री सप्तर्षी अगदी डोक्यावर येतात. दांडीतला मधला तारा दाखवून एका बाईंनी विचारलं, "एक दिसतो की दोन?" अण्णा तत्काळ म्हणाले, "वसिष्ठ आणि अरुंधती!" लग्नात नवरानवरीला जी जोडी दाखवतात ती. बाईंनी दुर्बिणीतून बघायला सांगितलं. अरुंधती बाजूला सरकली होती आणि वसिष्ठाच्या जागी दोन तारे, एकमेकांना अगदी खेटून. त्या दोघांतही प्रत्येकी आणखी एक साथीदार आहे आणि अरुंधतीलाही एक, असे एकूण सहा. बाईंना लग्नातली गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी अण्णांकडून दोन्ही नावं तीनतीनदा म्हणवून घेतली, लाल दिव्यात वहीत लिहून घेतली आणि त्यानंतर रांगेतल्या प्रत्येकाला "वसिष्ठ, अरुंधती" असंच सांगू लागल्या.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

सॅन होजेच्या पूर्वेला माउंट हॅमिल्टन नावाचा डोंगर आहे. हवा स्वच्छ असली की खालच्या रस्त्यांवरूनही माथ्यावरचे पांढरे घुमट दिसतात. ती लिक वेधशाळा. पियानो बनवणारा आणि पुढे जमिनींच्या व्यवहारात गब्बर झालेला जेम्स लिक याच्या पैशातून उभी राहिलेली. तिथली ३६ इंची भिंगाची दुर्बीण १८८८ साली सुरू झाली, तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती. लिक त्याच दुर्बिणीच्या पायाखाली पुरलेला आहे. गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिल्यानंतर पाचवा सापडायला १८९२ साल उजाडलं, आणि तो बर्नार्ड या खगोलशास्त्रज्ञांना इथेच सापडला. अण्णांना वर न्यायचं म्हणून मी एका रात्री हे सगळं वाचत बसले होते. वाचता वाचता एका ओळीपाशी थांबले. पुन्हा वाचली.

२२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला लिक वेधशाळेची तुकडी विल्यम कॅम्पबेल यांच्यासोबत हिंदुस्थानात गेली होती. मुक्काम: जेऊर.

आमचं जेऊर! स्टेशनचं जेऊर, पुणे-सोलापूर लायनीवरचं. सकाळी चहा देताना अण्णांना सांगितलं तर त्यांनी कप खाली ठेवला. "परत वाच." वाचलं. चाळीस फुटी कॅमेरा तिथल्या माळावर उभा केला होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक नाएगमवालाही वेध घ्यायला जेऊरलाच आले होते. तिकडे विजयदुर्गावर इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. प्लेगाचे दिवस, आणि त्यात ही माणसं दोन मिनिटांच्या आसपासच्या काळोखासाठी समुद्र ओलांडून आली होती. हेच कॅम्पबेल पुढे लिकचे संचालक झाले आणि १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वाकतो हे आइन्स्टाइनचं म्हणणं त्यांच्या तुकडीने मोजून दाखवलं.

मेमधल्या शुक्रवारी समुद्रावरून ढग आले. दुर्बिणी झाकलेल्या, पण माणसं थांबलेली. अण्णा त्या खुर्चीवाल्या आजोबांपाशी गेले आणि शाळेतल्या खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "सर, मी जेऊरचा आहे. १८९८ साली तुमचे लोक माझ्या गावी आले होते." आजोबांना ग्रहणमोहिमांची माहिती होती, गावाचं नावही त्यांनी वाचलेलं होतं, पण त्या गावचा माणूस कधी समोर आला नव्हता. त्यांनी सगळ्यांना हाक मारली. ढगाळ आभाळाखाली लाल दिव्यांच्या घोळक्यात अण्णांनी जवळजवळ तासभर भूगोलाचा तास घेतला. जेऊरच का? ग्रहणाच्या सावलीचा पट्टा तिथून जात होता. रेल्वे दारात होती, एवढं अवजड सामान बैलगाडीने किती दूर नेणार? आणि आमच्याकडे जानेवारीत आभाळाला ढगाचा ठिपका नसतो, तो दुष्काळी टापू आहे. कोरड्या हवेमुळे आमची पिकं जळतात, आणि त्याच हवेसाठी ती माणसं एवढ्या लांब आली. अण्णा हे वाक्य बोलले तेव्हा कुणीच काही बोललं नाही.

पुढे मी मंडळाची सभासद झाले. सभासदांना दुर्बीण घरी न्यायला मिळते. आम्ही एक डॉबसोनियन आणली आणि अण्णांनी अपार्टमेंटच्या मागच्या हिरवळीवर आमच्या शेजाऱ्यांना चंद्र दाखवला. तीन वर्षं ज्यांच्याशी माझी फक्त मान हलवण्याची ओळख होती, ते रांगेत उभे होते.

ऑगस्टअखेरीस अण्णा परत गेले. जाताना सामानात दोन डोळ्यांनी बघायची छोटी दुर्बीण, द्विनेत्री, होती आणि लाल जिलेटिनचा अख्खा ताव.

परवा फेब्रुवारीत सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला, म्हणजे जेऊरला रात्रीचे आठ. "काय गं, अगस्तीचा तारा दिसतो का तिकडे?" म्हटलं, नाही अण्णा. आमच्या अक्षांशावर तो क्षितिजाला टेकतो न टेकतो, शहरातून कधीच नाही. "इथे दक्षिणेला झकास दिसतोय. गच्चीवर चौदा पोरं आहेत." मागे गलका ऐकू येत होता. मी पुढे काही विचारणार तोच ते फोन बाजूला धरून ओरडले, "अरे ए, ती बॅटरी बंद कर! लाल कागद लाव आधी, डोळे बिघडतील सगळ्यांचे!"